झाझेनमध्ये पेंग का येते आणि तिचे काय करावे

प्रश्न थोडक्यात असा: रोज २५-३० मिनिटे झाझेनला (झेन परंपरेतल्या बसून करायच्या ध्यानाला) बसतो, पहिली काही मिनिटे बरी जातात, मग श्वास मोजताना आकडे हरवतात, डोळ्यांवर झापड येते आणि मान पुढे लवंडून दचकून जाग येते. मनाचा निश्चय कमी पडतो म्हणून हे होते का? बसल्या जागी काय करता येईल?

निश्चयाचा यात फार थोडा हात असतो. मान लवंडणे हा या सगळ्या प्रकाराचा शेवट आहे. त्याच्या दोन-तीन मिनिटे आधी कंबर मागे ढळलेली असते, अंगठे सैल पडलेले असतात, नजर पुसट झालेली असते आणि श्वासाची मोजणी नुसती सवयीने चाललेली असते. उपाय लागू पडतात ते या आधीच्या मिनिटांत. एकदा मान गेली की हाती उरते ते दचकणे, स्वतःवर चिडणे आणि पुन्हा डुलकी. म्हणून मी दोनच गोष्टींवर भर देईन: आपली पेंग कोणत्या जातीची आहे ते ओळखणे आणि ती लवकर पकडणे. दात-ओठ खाऊन जागे राहण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी सहसा साधत नाहीत.

झेनमध्ये बैठक बिघडण्याच्या दोन दिशा मानतात. कोन्चिन म्हणजे मन जड होऊन बुडणे आणि सान्रान म्हणजे मन विखुरणे. पाली परंपरेत ध्यानाच्या आड येणारे पाच अडथळे, म्हणजे नीवरणे, सांगितली आहेत. त्यांतले थीन-मिद्ध (आळस-सुस्ती) हे कोन्चिनचेच जुने रूप. या विषयावरचा सर्वांत व्यवहारी सल्ला अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात आहे. बुद्धाचा ज्येष्ठ शिष्य मोग्गल्लान मगधात साधनेला बसला असता पेंगू लागला, तेव्हा बुद्धाने त्याला एकापुढे एक उपाय सांगितले. ज्या विषयावर मन असताना झोप आली तो विषय सोड. तेवढ्याने झोप गेली नाही तर ऐकलेल्या धर्माचे मनन कर, मग तो मोठ्याने म्हण. मग कानाच्या पाळ्या ओढ, हातापायांवरून हात चोळ. मग उठून डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशा आणि तारे पाहा. मग मनात दिवसाचा उजेड धर, मग चंक्रमण कर, म्हणजे येरझाऱ्या घाल. एवढे करूनही झोप हटली नाही, तर उठायची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर झोप. हा क्रम नीट पाहा. आधी मनाचे उपाय, मग शरीराचे, मग हालचाल आणि शेवटी चक्क झोप. मोग्गल्लानाला कुठेही दटावलेले नाही, आणि झोपणे हा हरल्याचा नव्हे तर यादीतलाच एक उपाय आहे.

आता जाती. त्या ओळखण्यासाठी सलग सात-आठ बैठकींनंतर एका वहीत चार गोष्टी लिहा: आदल्या रात्री किती तास झोप झाली, शेवटचे खाणे कधी आणि किती झाले, पहिल्यांदा मोजणी हरवली तेव्हा साधारण कितवे मिनिट होते, आणि शेवटची घंटा झाल्यावर कसे वाटले. शेवटच्या नोंदीला सर्वांत जास्त महत्त्व द्या. घंटा वाजूनही डोळे उघडवत नसतील, तर झोप खरी आहे. घंटेबरोबर झोप चुटकीसरशी उडत असेल, तर ती शरीराची झोप नव्हे. तिचा विचार पुढे करू.

सर्वांत सामान्य कारण अगदीच रुक्ष आहे: झोप पुरी होत नाही. प्रौढ माणसाला बहुधा रोज ७ तास तरी झोप लागते. सुट्टीच्या दिवशी गजर नसताना तुम्ही दीड-दोन तास जास्त झोपत असाल, किंवा दुपारी अंधाऱ्या खोलीत आडवे होताच पाच मिनिटांत झोप लागत असेल, तर झोपेची थकबाकी साचलेली आहे. अशा शरीराला शांत जागी, मंद उजेडात, न बोलता बसवले तर ते झोपणारच. ते आपले काम चोख करते आहे. इथे कोणतेही तंत्र चालत नाही. दहा दिवस अर्धा-पाऊण तास लवकर झोपा आणि मगच ठरवा की ही ध्यानातली अडचण आहे की नाही. पहाटे पाचला बसण्याचा हट्ट आणि रात्री साडेबाराला झोपण्याची सवय एकत्र नांदत नाहीत. दोन्हींपैकी एक सोडायचे असेल तर माझ्या मते पहाटेचा हट्ट सोडावा आणि सकाळी आठला बसावे. त्याने झेन बाटत नाही.

झोप पुरी होऊनही पहाटे जडपणा राहतो, त्याचे कारण वेगळे. जाग आल्यानंतर मेंदू पूर्ण जागा व्हायला साधारण १५ ते ३० मिनिटे घेतो, आणि गाढ झोपेतून उठवले असेल तर जास्तही. अंथरुणातून थेट झाफूवर (ध्यानाच्या गोल उशीवर) बसणारे ही सगळी मिनिटे पेंगण्यात घालवतात. मधे काहीतरी घाला: दिवा लावा, तोंडावर गार पाणी मारा, खोली झाडा, दहा मिनिटे हातपाय मोकळे करा. दुपारचेही असेच. साधारण एक ते चारच्या दरम्यान शरीराची जागृती आपोआप ओसरते, जेवला नाहीत तरी. त्या वेळेत बसावेच लागणार असेल तर बैठक १५ मिनिटांची ठेवा आणि आधी भरभर चाला.

खाण्याबद्दल झेनच्या जपानी सोतो शाखेतले आचार्य केइझान (मृत्यू १३२५) यांनी झाझेनच्या सूचनांत स्पष्ट सांगितले आहे: पोटाच्या दोन तृतीयांश एवढेच खावे आणि जेवल्याबरोबर बसू नये. व्यवहारात भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास आणि हलक्या खाण्यानंतर पाऊण तास जाऊ द्यावा. उलट टोकही टाळा. भुकेने कासावीस होऊन बसलात तर आधी अस्वस्थता येते आणि मग ग्लानी.

चहाचे आणि झेनचे नाते जुने आहे. ११९१ मध्ये चीनहून परतलेले जपानी झेन भिक्षू एइसाइ यांनी जपानी मठांत चहाला चांगलेच मूळ धरायला लावले. (झेनचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या बोधिधर्माने झोप येते म्हणून पापण्या कापून फेकल्या आणि त्यातून चहाची झुडपे उगवली, ही दंतकथा. चहा चीनमध्ये त्याच्या आधीपासून होता.) बसण्यापूर्वी २०-३० मिनिटे एक कप चहा घेतला तर उपयोग होतो, कारण कॅफीन रक्तात चढायला तेवढा वेळ लागतो. पण त्याचा निम्मा अंश बाहेर पडायला सुमारे पाच तास जातात. संध्याकाळच्या बैठकीसाठी घेतलेला चहा रात्रीची झोप खातो आणि दुसऱ्या पहाटेची बैठकही बिघडवतो. ज्यांची पेंग चहाने वाढतच चालली आहे असे वाटते, त्यांनी हा हिशेब आधी तपासावा.

खोलीबद्दल जपानी सोतोचे संस्थापक दोगेन (१२००–१२५३) आणि केइझान दोघांचेही म्हणणे जवळपास सारखेच: अंधार नको, थंडीत ऊब हवी आणि उन्हाळ्यात गारवा. केइझान फार उजेडही नको म्हणतात. पण ध्यान म्हटले की लोक दिवे मालवतात, खिडक्या लावतात, उदबत्ती पेटवतात आणि शाल गुरफटून घेतात. ही शेज घालण्याची तयारी झाली. झोप लागण्याआधी शरीर हातापायांतून उष्णता बाहेर सोडते, तळहात-तळपाय गरम होतात. उबदार पांघरुणात हे काम सोपे होते. म्हणून पाठ आणि कंबर उबदार ठेवा, पण चेहरा आणि मनगटे मोकळी असू द्या. खिडकी बोटभर उघडी हवी. कोंदट खोलीत चार-पाच जण तासभर बसले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सगळेच एकदम जड होतात. त्याला सामूहिक समाधी समजू नये.

आता बैठक. इथे मात्र थांबायला हवे, कारण झोप पुरती होऊनही पेंगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उत्तर इथेच असते.

मुळाशी असते माकडहाड आणि ओटीपोटाची ढळ. झाफू कमी उंचीचा असला की गुडघे कमरेच्या वर किंवा बरोबरीने राहतात. मग कटी मागे कलते, कंबरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठीला कुबड येते, छाती आत जाते, श्वास उथळ होतो, हनुवटी पुढे येते आणि पापण्या मिटतात. ही साखळी दरवेळी याच क्रमाने घडते आणि तिला दहा-बारा मिनिटे लागतात. म्हणून तर पेंग ठरावीक मिनिटाला येते असे वाटते. यावर उपाय म्हणजे झाफूच्या मध्यावर न बसता पुढच्या एक तृतीयांश भागावर बसणे, दोन्ही गुडघे झाबुतोनवर (झाफूखालच्या चौकोनी गादीवर) टेकलेले असणे आणि कटी किंचित पुढे कललेली ठेवणे. गुडघा टेकत नसेल तर झाफूखाली घडी घातलेली चादर घाला, आणि एकच गुडघा अधांतरी असेल तर त्याखाली पातळ उशी द्या. कापसासारख्या कापोकने भरलेला झाफू काही महिन्यांत दबतो आणि हे सहसा लक्षात येत नाही. जी बैठक पूर्वी चांगली जमायची आणि आता पेंग येते, तिच्यात आधी झाफूची उंची मोजा. खुर्चीवर बसणाऱ्यांनी पाठ टेकू नये, बैठकीच्या पुढच्या अर्ध्यावर बसावे आणि तळवे जमिनीवर सपाट ठेवावेत.

दोगेन यांच्या सूचनेप्रमाणे कान खांद्यांच्या रेषेत आणि नाक बेंबीच्या रेषेत हवे, ना पुढे ना मागे, ना डावीकडे ना उजवीकडे झुकलेले. हनुवटी थोडी आत आणि डोक्याचा माथा वर उचललेला. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते कण्यावर नीट तोललेले असेल तर मानेच्या स्नायूंना फार काम पडत नाही. पुढे आलेले असेल तर ते सतत ओढून धरावे लागते, आणि झोपेची चाहूल लागताच ताण सोडणाऱ्या स्नायूंत मानेचे स्नायू आघाडीवर असतात. मग डोके कोसळते.

सुरुवातीला दोन गोष्टी घाईघाईत उरकू नका. कांकी-इस्सोकु म्हणजे तोंडाने एक-दोनदा लांब श्वास सोडणे, आणि सायु-योशिन म्हणजे कमरेपासून वरचे शरीर डावी-उजवीकडे झुलवणे, आधी मोठे झोके आणि मग लहान होत होत मध्यावर थांबणे. सात-आठ झोके पुरे. मध्य सापडला नसेल तर शरीर पूर्ण बैठकभर एका बाजूला ओढत राहते. दुसरी चूक याच्या उलटी आहे: पहिल्याच मिनिटाला छाती ताणून, खांदे उचलून जवानासारखे बसणे. एवढा ताण दहा मिनिटांत स्नायूंना थकवतो आणि मग सगळे एकदम ढासळते. कणा उभा ठेवायचा, पण पोट, जबडा आणि खांदे मऊ ठेवायचे.

डोळे अर्धे उघडे, नजर साधारण ४५ अंशात खाली, एक मीटर पुढे. सोतोमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतात, रिन्झाई या झेनच्या दुसऱ्या मोठ्या शाखेत दालनाच्या मध्याकडे. नजरेचा नियम दोन्हीकडे सारखाच. डोळे मिटले की पेंग येणार हे गृहीत धरा. पण डोळे उघडे ठेवूनही पेंग येते, कारण लोक एका ठिपक्यावर टक लावतात. टक लावली की डोळे थकतात, भिंत हलू लागते, रंग दिसतात आणि पापण्या आपसूक उतरतात. नजर मोकळी आणि रुंद ठेवा, दोन्ही बाजूंच्या कडाही दिसू द्या, पापण्या हव्या तेव्हा लवू द्या. झापड येतेय असे वाटताच तीन श्वास डोळे मोठे उघडा, नजर समोर सरळ न्या, मग हळूच परत खाली आणा. तीनच श्वास, त्याहून जास्त वेळ वर पाहत राहिलात तर मन इकडेतिकडे फिरू लागते.

हातांची मुद्रा हा झाझेनमधला सर्वांत चांगला इशारा देणारा भाग आहे. डाव्या हाताची बोटे उजव्या हातावर, अंगठ्यांची टोके कागद धरावा इतक्या हलकेपणाने एकमेकांना टेकलेली, दोन्ही हात बेंबीखाली पोटाशी. अंगठ्यांचा डोंगर होऊ नये आणि दरीही होऊ नये, असे शिकवतात. अंगठे वर दाबले गेले तर मन ताणले किंवा विखुरले आहे. ते खाली ढळले किंवा सुटले तर कोन्चिन सुरू झाले आहे, आणि हे डोके पडण्याच्या एक-दोन मिनिटे आधी घडते. म्हणून दर दहा श्वासांनी एकदा, फक्त एकदा, अंगठ्यांच्या टोकांचा स्पर्श तपासा. हात मांडीवर खाली लोंबत असतील तर ते खांद्यांना पुढे ओढतात. त्यांच्याखाली पंचाची घडी ठेवा. एवढ्या एका गोष्टीनेसुद्धा काहींची पेंग निम्मी होते.

श्वास मोजणे, म्हणजे सुसोकुकान: एक ते दहा आणि परत एक. इथली अडचण अशी की मोजणी फार लवकर यांत्रिक होते. मन स्वप्नात आणि आकडे चालूच, मग जाग येते तेव्हा सतरा किंवा तेवीस झालेले असतात. तेव्हा मोजणीची जागा बदला. आकडा उच्छ्वासावर मोजत असाल तर पेंग येत असताना तो आत येणाऱ्या श्वासावर मोजा. त्याने मन वर उचलले जाते. किंवा दहापासून एकपर्यंत उलटे मोजा. तीन-चार फेऱ्यांनंतर नेहमीच्या पद्धतीवर या, नाहीतर तीही यांत्रिक होईल. मुद्दाम खोल आणि भरभर श्वास घेऊन झोप उडवायचा प्रयत्न करू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि ही गरगर एकाग्रतेसारखी भासते.

लक्ष कुठे ठेवायचे यावरही बुडणे आणि विखुरणे अवलंबून असते. सहाव्या शतकातले चिनी आचार्य झियी यांनी बुडणाऱ्या मनाला नाकाच्या टोकावर आणि तरंगणाऱ्या मनाला बेंबीवर ठेवायला सांगितले. केइझान म्हणतात की झोप येत असेल तर लक्ष केसांच्या रेषेवर किंवा भुवयांच्या मध्ये न्यावे, आणि मन विखुरले असेल तर नाकाच्या टोकावर किंवा बेंबीखालच्या तांदेनमध्ये. जागा वेगवेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच: जड मनाला वर न्या, उधळलेल्याला खाली. मात्र कपाळावर लक्ष दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. तिथे ताण बसतो आणि डोके दुखते. काम झाले की परत तांदेनमध्ये या.

शिकान्ताझा करणाऱ्यांना, म्हणजे कोणताही विषय न धरता नुसते बसणाऱ्यांना, पेंग सर्वांत जास्त छळते. धरायला काहीच नसते, त्यामुळे जागृती कमी झालेली कळत नाही. त्या दिवसांत बिनदिक्कत श्वास मोजण्यावर परत यावे. हे खालच्या इयत्तेत जाणे आहे असे काहींना वाटते, म्हणून ते महिनोनमहिने पेंगत बसतात. तो वेळ वाया जातो.

आता त्या पेंगेकडे येतो, जी पेंग आहे असे कुणाला वाटतच नाही. मान ताठ, श्वास शांत, विचार थांबलेले, अंग सुखावलेले, आणि ४० मिनिटे पाच मिनिटांसारखी गेली. ही पुष्कळदा सूक्ष्म गुंगी असते. झेन वाङ्मयात तिला काळ्या डोंगराखालची भुतांची गुहा म्हणतात, आणि सोंग काळातले चिनी आचार्य दाह्वे (१०८९–११६३) अशा मेल्यासारख्या शांततेवर तुटून पडत. फरक असा ओळखा. शांत जागृतीत दूरचा आवाज स्पष्ट आणि ताजा ऐकू येतो. गुंगीत तो कापडाआडून आल्यासारखा येतो किंवा त्याने दचकायला होते. जागृतीत मागची दोन मिनिटे आठवतात. गुंगीत त्या जागी भोक असते, नाहीतर तुटक चित्रे आणि अर्थहीन वाक्यांचे तुकडे. जागृतीनंतर अंग हलके असते. गुंगीनंतर उठून बोलावेसेही वाटत नाही. १९६६ मध्ये कासामात्सु आणि हिराई या जपानी संशोधकांनी झेन भिक्षूंच्या मेंदूलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यातही हा फरक दिसतो. मुरलेल्या साधकांच्या लहरी झोपाळू माणसाच्या लहरींसारख्याच मंदावत होत्या, पण टकटक असा आवाज केल्यावर त्यांचा मेंदू झोपाळू मेंदूपेक्षा वेगळा प्रतिसाद देत होता, आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा करूनही त्यांचा प्रतिसाद बोथट होत नव्हता.

या गुंगीवर जोरजबरदस्ती मदत करत नाही, बारकाईने पाहणे करते. श्वास नेमका कुठल्या क्षणी सुरू झाला? उच्छ्वास संपला आणि पुढचा अजून आला नाही, त्या मधल्या जागेत काय आहे? असे तपासू लागलात की पाच-सहा श्वासांत मन वर येते. कोआन, म्हणजे गुरूने दिलेले कोडे, घेऊन बसणाऱ्यांनी त्यातला शब्द घोकण्याऐवजी तो प्रश्न म्हणून विचारावा. घोकणे स्वतःच अंगाईचे काम करते.

घंटेबरोबर उडून जाणारी पेंग ही आणखी वेगळी. झोप पुरी आहे, पोट हलके आहे, बैठक बरोबर आहे आणि तरी बसताच झापड येते, मग उठून फोन हातात घेताच माणूस टवटवीत. इथे मन काहीतरी टाळते आहे: कंटाळा, दुःख, एखादा न घेतलेला निर्णय. तिला हाकलू नका, तिच्याकडेच पाहा. झोप शरीरात नेमकी कुठे आहे? पापण्यांत, डोळ्यांच्या मागे, जबड्यात की छातीत? ती जड आहे की उबदार, सरकते की थांबलेली? दहा श्वास एवढेच करा. पुष्कळदा झोप विरते आणि तिच्याखालची गोष्ट दिसते. ती फारच जड असेल तर एकट्याने रेटू नका, गुरूशी किंवा समुपदेशकाशी बोला.

बैठकीतच पेंग अंगावर आली तर केइझान यांचा क्रम सोयीचा आहे. आधी शरीर हलकेच झुलवा आणि डोळे मोठे उघडा, मग लक्ष कपाळावर न्या, मग डोळे किंवा अंग चोळा. तरीही जमत नसेल तर उठून किन्हिन, म्हणजे चालत करायचे ध्यान, करा. त्यांच्या मते शंभरेक पावले चालल्यावर झोप नक्की उडते. चालण्याची गती एका श्वासाला अर्धे पाऊल. हात छातीशी: सोतो पद्धतीत डाव्या हाताची मूठ अंगठा आत घेऊन, तिच्यावर उजवा हात. तेवढ्यानेही गेली नाही तर डोळे धुवा, माथा गार करा. माझे मत विचाराल तर खऱ्या पेंगेला अर्ध्या पावलाचे सोतो किन्हिन फार मंद पडते. रिन्झाई पद्धतीचे भरभर चालणे पाच मिनिटांत काम करते. एक खबरदारी: पाय बधिर झालेला असताना एकदम उभे राहू नका. घोटा मुरगळतो, पाय मोडल्याचीही उदाहरणे आहेत. आधी पाय लांब करा, बोटे हलवा, संवेदना परत आली की उठा. चालायला जागा नसेल तर झाफूच्या मागे पाच मिनिटे उभे राहून तेच ध्यान करा. उभ्याने पेंगणे अवघड असते. दालनात इतर लोक असतील तर हे करण्यापूर्वी तिथला नियम विचारा.

क्योसाकु, म्हणजे चपटी लाकडी पट्टी, हिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ती शिक्षा नव्हे. साधक हात जोडून ती मागतो, मान बाजूला झुकवतो आणि मान व खांद्यामधल्या स्नायूवर फटका घेतो. सोतोमध्ये उजव्या खांद्यावर, रिन्झाईमध्ये दोन्हीकडे. आखडलेला स्नायू सुटतो आणि जाग येते. पण बैठक ढळलेली असेल तर काही मिनिटांत पेंग परत हजर होते. घरी हा प्रयोग करू नका. तोच स्नायू विरुद्ध हाताच्या बोटांनी अर्धा मिनिट घट्ट दाबला तरी बराच उपयोग होतो.

सेशिनमध्ये, म्हणजे अनेक दिवसांच्या सलग साधनेत, पहिले दोन दिवस जवळपास सगळेच पेंगतात. साचलेली थकबाकी तेव्हा वर येते, त्यावर निष्कर्ष काढू नका. मधल्या सुट्टीत आडवे व्हा, पण २० मिनिटांचा गजर लावून. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि पुढची बैठक पूर्ण जाईल. डिसेंबरच्या १ ते ८ तारखेच्या रोहात्सु सेशिनमध्ये रिन्झाई मठांत आठवडाभर आडवे होत नाहीत, हे खरे. झोप येऊ नये म्हणून मांडीत टोचा खुपसणाऱ्या चिनी आचार्य शिश्वांग यांची गोष्ट वाचून पुढे रिन्झाईचे मोठे आचार्य झालेले तरुण हाकुइन (१६८६–१७६९) पेटून उठले, हेही खरे. पण त्याच हाकुइन यांना पुढे अतिश्रमाने ज्याला झेन-रोग म्हणतात तो जडला आणि त्यातून उठायला त्यांना वेगळी, शिथिल करणारी साधना करावी लागली. मठात अशा आठवड्याभोवती गुरू, वेळापत्रक आणि सोबत असते. घरी, नोकरी सांभाळून त्याची नक्कल करू नये. आणि सेशिन संपल्यावर डोळे जड असतील तर गाडी चालवू नका.

शेवटी वैद्यकीय बाजू. झोप पुरी, वेळ बदलली, बैठक सुधारली आणि तरी तीन-चार आठवड्यांनंतरही तीच स्थिती असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकून धडपडत उठणे, सकाळी डोके दुखणे ही झोपेतील श्वसनरोधाची लक्षणे आहेत. अशा माणसाला आठ तास अंथरुणात काढूनही झोप मिळालेली नसते. रक्तातले लोह कमी असणे, थायरॉइड मंदावणे, नैराश्य यांतही दिवसभर ग्लानी राहते. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्या, काही मनोविकारांवरची आणि रक्तदाबाची औषधे झोप आणतात. ती स्वतःहून बंद न करता घेण्याची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. बोलताना, जेवताना किंवा गाडी चालवताना झोपेचा झटका येत असेल तर मात्र तीन-चार आठवडे थांबू नका. तपासण्या होईपर्यंत बसणे सोडायचे कारण नाही: सकाळी, दिवा लावून, १० मिनिटे बसा आणि ५ मिनिटे चाला, एवढेच दिवसातून दोनदा.